श्रावणातली मरळ

श्रावण लागला की नांदेडातली मासळीची गल्ली एकदम गप्प होते. एरवी तिच्या तोंडाशी नाकाला पदर लावून झपझप पाय उचलणाऱ्या आमच्या सूनबाई हा महिनाभर तिथून ऐटीत चालतात. आमचं घर तसं बारा महिने सोवळं. लिंगायत वाण्याचं घर. अंड्याचं नाव काढलं तरी भांडी घासायला निघतील अशी माणसं. सून सोमवार धरते, बेलाची पानं निवडत बसते आणि दरवर्षी मला विचारते, "आई, तुम्ही एवढं महादेवाचं करता, मग श्रावण का पाळत नाही?" मी सांगते, गुडघे दुखतात. गुडघ्यांचा आणि उपासाचा काय संबंध, हे तिनं अजून विचारलेलं नाही. शहाणी आहे.

यंदाही पावसानं उघडीप दिली आहे. परवा गोदावरीच्या पुलावरून रिक्षानं येताना खालून वास आला. पाणी ओसरलं की काठाला शेवाळ उघडं पडतं, त्यावर ऊन तापतं आणि मग जो वास सुटतो, तो. रिक्षावाला पोरगा म्हणाला, "मौसी, नाक कामून धरून राहिल्या? नदीचाच वास हाय." मी म्हटलं, बाबा, तू हाण रिक्षा. वास नदीचा नव्हता. माझ्यापुरता तो एका तळ्याचा होता आणि एका श्रावणाचा. निजामाचं राज्य तेव्हा शेवटचे श्वास घेत होतं, आणि आमच्या घरातही कुणीतरी तेच करत होतं.

जळकोटच्या अलीकडं आमचं गाव. गावापेक्षा तळं मोठं. सरकारी तळं, म्हणजे सगळ्यांचं. जनावरं तिथं, धुणं तिथं, पोरांच्या उड्या तिथं. आमचं किराण्याचं दुकान आणि मागचं घर तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा न्हाणीच्या फटीतून पाणी दिसायचं याचं मला कोण कौतुक! माझं माहेर अहमदपूरकडचं, तिथं विहिरीचा तळ बघत मोठी झालेली मी. पण या घरात तळ्याकडं बघायचीही एक रीत होती. पाणी बघायचं, पाण्यातलं बघायचं नाही. संध्याकाळी मासे वर उसळ्या मारू लागले की माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, खिडकी लोटून घ्यायच्या. मासे जणू घरात येऊन ताटात पडणार होते.

पाळीच्या खालच्या अंगाला मासे धरणाऱ्या भोयांची घरं होती. त्यातलं लक्ष्मण भोयाचं आमच्या परसाला लागून. मधे नुसतं निवडुंगाचं कुंपण. त्याची बायको गंगा माझ्याहून थोडी मोठी, खणखणीत आवाजाची, हसली तर पाळीवर ऐकू येईल अशी. त्या साली तिच्या मांडीवर गुटगुटीत पोरगं होतं. ती उन्हात जाळं पसरून फाटके डोळे विणत बसायची, पोरगं पदराखाली चपचप करायचं, आणि कुंपणाच्या अलीकडून मी तिच्याशी बोलायची. हळू बोलायची. आत्याबाईंना भोयांच्या घरावरून आलेला वारासुद्धा चालत नसे.

भोयांची एक रीत मात्र आत्याबाईंना फार आवडायची. आखाडाच्या अवसेला ते सगळी जाळी पाण्यातून काढायचे, धुवायचे, आणि घरातल्या खुंटीला टांगायचे. ती उतरायची थेट पोळ्याला. आपल्याकडं बैलांना सजवतात, तसं ते त्या दिवशी जाळ्याला हळद लावायचे, आणि मग पाण्यात घालायचे. मधला अख्खा श्रावण ते दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातील, अंबाडीच्या भाजीवर दिवस काढतील, पण मासा धरणार नाहीत. आत्याबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "भोई असून बी महादेवाला मानत्यात बघा." आम्ही सगळेच तसं समजत होतो. दोन घरांमध्ये एक कुंपण, आणि पिढ्यान्‌पिढ्या आम्ही असं समजत होतो.

त्या साली धाडींच्या भीतीनं गाव निम्मं रिकामं होतं. ज्यांना जमलं ते बायकापोरं घेऊन हद्दीपलीकडं इंग्रजी मुलखात निघून गेले होते; इंग्रज गेला होता तरी आमच्याकडं तो इंग्रजी मुलूखच. रस्ते बंद, बाजार बंद, नांदेडला जायचं नाव काढायचं नाही. दुकानात मीठ, हळद आणि उंदीर एवढंच उरलं होतं. आमच्या म्हशी मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी, स्वतः मरायच्या आधीच लांबच्या नातलगांकडं हाकलल्या होत्या. तळ्याचा सरकारी राखणदारही पळाला होता. आम्ही राहिलो, कारण माझे दिवस भरत आले होते. पहिलं लेकरू पोटातच गेलेलं. या खेपेला मला बैलगाडीत घालायची माझ्या मालकांची छाती झाली नाही. आमच्याकडं नवऱ्याला मालकच म्हणतात, पण त्यांच्याइतका मालकी न गाजवणारा माणूस मी पाहिला नाही. त्यांचं नाव बसलिंग. मुंगी मेली तरी ज्याचं तोंड उतरतं असा माणूस.

मुलगी झाली. काळी कुळकुळीत, डोक्यावर हे एवढं जावळ. मालकांनी तिला हातात घेतलं ते खालीच ठेवेनात. आत्याबाईही हसल्या, म्हणाल्या, "आली ती आली, आता पाठीवर भाऊ घिऊन ये म्हनावं." मग मला ताप भरला. ताप उतरला तेव्हा दूध गेलेलं होतं. जरा कमी झालं, असं नाही. गेलंच. शेपू झाला, हाळीव नव्हतेच, बाजरीची पेज झाली, लसूण झाला. पोरगी ओढायची, ओढून ओढून दमायची, आणि माझ्याकडं बघत राहायची. शेळीचं दूध आणलं, ते तिला ओकारीनं आणि हगवणीनं निघून गेलं. गुळाच्या पाण्यात वात बुडवून तोंडात धरायची, तेवढ्यावर दिवस ढकलले. बाहेर लख्ख ऊन, श्रावणातलं पोपटी गवत, तळ्यावर चमचमतं पाणी. मला त्या उन्हाचा संताप यायचा. पोटच्या लेकराचं वजन हातात रोज कमी लागतं तेव्हा कसं वाटतं, हे ज्या बाईला ठाऊक नाही ती सुखी, आणि तिनं मला श्रावणाचं सौंदर्य सांगू नये.

गावात एक म्हातारे हकीम तेवढे राहिले होते. ते आले, नाडी बघितली, पोरीची टाळू चाचपली. मग आत्याबाईंकडं न बघता मालकांना म्हणाले, "बसलिंगअप्पा, जच्चाकू, बाळंतिणीकू, मरळ का शोरबा पिलाव. ताजी मरळ. दूध उतरेगा. मेरे पास दूसरा इलाज नहीं."

आत्याबाईंनी विचारलं, "मरळ म्हंजी?"

"मासा, अम्मा."

आत्याबाईंचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला आणि तिथंच राहिला. आता ही बाई हकिमाला घराबाहेर काढणार, असं मला वाटलं. त्या उठल्या, देवळीतल्या महादेवाकडं पाठ करून बसल्या, आणि बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बसू, घरातल्या चुलीवर न्हाई. भाईर दगडं मांड."

आजही त्या वाक्याची मला भीती वाटते. एवढं उभं आयुष्य ज्यावर काढलं ते त्या बाईनं एका दमात सोडून दिलं होतं. काळ्या पोरीसाठी. आणि तरी जे सुटायला हवं होतं ते सुटलं नव्हतंच.

मालक कुंपणाला वळसा घालून लक्ष्मण भोयाकडं गेले. मी खाटेवरून ऐकत होते.

"लक्ष्मणा, एक मरळ धरून दे."

"सरावन हाय, अप्पा."

"पोरगी जाईल माझी."

लक्ष्मण म्हणाला, "दुसरं काय बी मागा, अप्पा. बापजाद्यापासनं सरावनात जाळं पान्यात गेलं न्हाई. पोळ्यापत्तर दम धरा. पोळ्याला पयली मरळ तुमाला."

"पोळ्यापर्यंत ती दम धरंल का?"

मालक परत आले आणि मला म्हणाले, "व्रत त्यांचं आहे. आपलं तर कधीच मोडलंय. मीच जातो."

सकाळी ते माझं जुनं लुगडं घेऊन तळ्यात उतरले. जाळं म्हणून लुगडं! ज्यानं जन्मात तराजूशिवाय काही धरलं नाही, तो माणूस छातीएवढ्या पाण्यात उभा. न्हाणीच्या फटीतून मला त्यांचं डोकं दिसायचं. मासे काय वाट बघत होते त्यांची? पाऊल टाकलं की सगळं पाणी रिकामं. ऊन चढलं, ओठ निळे पडले, तरी बाहेर येईनात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाळीवरून भोयांची पोरं बघत होती, पण हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर यायच्या आत त्यांना काठच्या लव्हाळ्यात पाण्यावर कुंकू सांडल्यागत लाल डाग दिसला. डाग हलत होता, खदखदत होता. जवळ गेले तर खालून काहीतरी आलं आणि त्यांच्या पोटरीला धडकलं. ते मागं सरले. ते पुन्हा धडकलं. सगळ्या तळ्यात हा एकच मासा होता जो पळत नव्हता. मालकांनी लुगडं टाकलं, मासा त्यात आपणहून आल्यासारखा आला. पाळीवरून धावत येताना ते रडत होते आणि ओरडत होते, "महादेवानंच दिला! दिला बघ!"

हातभर लांब, काळपट, सापाच्या तोंडाची मरळ. घंगाळात टाकली तर घंगाळभर झाली. आणि मग आम्ही तिघं तिच्याभोवती नुसते उभे राहिलो. हिचं करायचं काय? घरात विळी होती, तिनं भोपळा चिरलेला. सोलायची का? खवलं काढायची का? आधी मारायची कशी? मालक विळीकडं बघत होते आणि विळी त्यांच्याकडं. त्या वेळी कुणी बघितलं असतं तर हसून मेलं असतं. शेवटी आत्याबाईच परसात गेल्या आणि कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "गंगे, जरा घरात ये." त्या घरात गंगा त्या दिवशी पहिल्यांदा आली.

कडेवरचं पोरगं सावरत ती घंगाळावर वाकली. तिचा चेहरा बदलला.

"अप्पा, कुठं घावली ही?"

"लव्हाळ्यात. पाण्यावर लाल लाल काहीतरी होतं, त्याच्याखाली."

गंगा मटकन खाली बसली. "पिलं हायती ती तिची. मरळ पिलं राखती. कुनी बी येऊ दे, जागा सोडत न्हाई. म्हनून तर सरावनभर जाळं टांगतो आमी."

"महादेवासाठी न्हाई?" आत्याबाईंनी विचारलं.

"महादेवाला काय करायची मासळी?"

घंगाळात मरळ तोंड वर काढून हवा घेत होती. गंगा म्हणाली, "जित्ती हाय अजून. लई चिवट असती. सोडली तर जाईल पिलांकडं." मालक आत्याबाईंकडं बघू लागले, आत्याबाई जमिनीकडं. मुंगीला हळहळणारा माझा नवरा. आणखी एक क्षण गेला असता तर त्यांनी घंगाळ उचललं असतं, मला ठाऊक होतं.

मी खाटेवरून म्हणाले, "गंगे, काप."

मला त्या मरळीची दया आली नाही. आज बसून दयेचं रसाळ वर्णन करता येईल, पण तेव्हा माझ्या मांडीवर माझं पिल्लू होतं आणि त्याचे ओठ सुकून पांढरे झाले होते. मला कापायलाच हवी होती ती. गंगानं माझ्याकडं नीट बघितलं, पोरगं ओसरीवर ठेवलं, आणि मरळ घेऊन बाहेर गेली.

तीन दगड, मातीचं गाडगं, हळद आणि मीठ. गंगानं शोरबा वाडग्यात आणून दिला. मी गळ्यातलं लिंग मुठीत घट्ट धरलं आणि पिऊन टाकला. चव सांगू? चिखलाची, पावसाची आणि कुठंतरी गोड. पहिला घोट उलटून आला, तो मी परत गिळला. वाडगा चाटूनपुसून रिकामा केला आणि पोरीला छातीशी धरून वाट बघू लागले. दूध काय, नळाची चावी फिरवल्यासारखं येणार होतं? पण मी तशीच वाट बघत होते.

पोरगी रडली. त्याला रडणं म्हणायचं म्हणून. वाळलेल्या दाराची बिजागरी कुरकुरावी तेवढाच आवाज. ओसरीवरून गंगाचं पोरगं त्याला उत्तर दिल्यासारखं जोरात ओरडलं. आणि माझं लक्ष गेलं. त्या आवाजानं गंगाच्या चोळीवर दोन्हीकडं ओले डाग उमटत होते.

ती मला बघत होती, मी तिला. आत्याबाई दोघींना. तळ्याच्या पाण्यात दोन दिवस उभं राहून माझा नवरा जे आणायला धडपडत होता, ते कुंपणापलीकडं सगळा वेळ ओसंडत होतं. गंगा अगदी हळू, तिला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाली, "घेऊ का पोरीला? आदीच म्हननार होते. पर मी कसं म्हनावं, वैनी? तुमचं घर कसलं, आमचं कसलं."

आत्याबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मीच पोर तिच्या ओटीत ठेवली. गंगानं तिला पाजायला घेतलं. पोरीनं तोंड उघडलं, बोंड ओठात धरलं, आणि तशीच राहिली. ओढायला जोर लागतो. तो तिनं माझ्या रिकाम्या छातीवर घालवून टाकला होता. गंगा पिळून पिळून थेंब तिच्या जिभेवर सोडत होती आणि "गिळ ग बाई, गिळ ग" म्हणत होती. थेंब ओठाच्या कोपऱ्यातून गळत होते. दिवस कलायच्या आत ती गेली. गंगाच्याच मांडीवर गेली.

आमच्यात पुरतात. जंगम स्वामी गावात नव्हते, म्हणून पोरीला लिंगही बांधलेलं नव्हतं. आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं तिच्या कपाळाला भस्म लावलं. बांधावरचा खड्डा मालकांनी आणि लक्ष्मणानं मिळून खणला.

मला राग कुणाचा यायला हवा, हे मी आयुष्यभर ठरवते आहे. हकिमाचा येत नाही. त्यानं जे ठाऊक होतं ते सांगितलं. लक्ष्मणाचा येत नाही. त्याच्या घराण्यानं उपाशी राहून मासळीची वीण राखली. आत्याबाईंचाही पुरता येत नाही, त्यांनी तर धर्म पणाला लावला. आम्हाला मासा खाणं सुचलं. नरकात जाणं सुचलं. शेजारच्या बाईला "जरा पोरीला पाज" म्हणणं मात्र आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही, आणि जिला सुचलं तिला बोलता आलं नाही. पाप करायचं धाडस होतं आमच्यात, मागायचं नव्हतं. असल्या सोवळ्याला जाळायचं की काय करायचं? श्रावणातल्या कहाण्यांत शेवटी सगळ्यांची मुलंबाळं परत मिळतात. सून त्या मोठ्यानं वाचते तेव्हा मी उठून गॅलरीत जाते.

मालक त्यानंतर रोज लव्हाळ्याकडं जाऊन बसत. नर-मादी दोघं पिलं राखतात, एक अजून आहे, असं गंगानं त्यांना सांगितलं होतं. पण एकटा किती राखणार? वरून बगळे, खालून दुसरे मासे. लाल डाग रोज लहान झालेला दिसायचा. एके दिवशी ते गेले आणि लगेच परत आले. नंतर गेले नाहीत. पोळा झाला, भोयांची जाळी हळद लावून पाण्यात गेली. लक्ष्मणानं पहिली मरळ आमच्याकडं पाठवली नाही, त्याला कळत होतं. थोड्याच दिवसांनी निजामाचं राज्य गेलं. लोक परत आले, गावात साखर वाटली. आमच्या घरात ती कुणी तोंडात टाकली नाही.

पण हे सगळं नंतरचं. पोरीला पुरलं त्यानंतर, पोळ्याच्या आधीच, एका सकाळी मी उठले ती छातीच्या ठणक्यानं. हकीम खोटं बोलले नव्हते. दूध आलं होतं. असं आलं होतं की चोळी भिजून लुगडं भिजलं, आणि छाती दगडासारखी झाली. मी भिंतीला डोकं लावून ओरडत होते, दुखण्यानं की कशानं, कुणास ठाऊक. आत्याबाई गार पाण्याच्या घड्या ठेवत होत्या. म्हणाल्या, मोगऱ्याची फुलं बांधली की दूध मागं फिरतं. पण मोगरा आता कुठला?

परसातलं दार ढकलून गंगा आत आली. या वेळी तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं कडेवरचं पोरगं काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "फुलं नगं बांधू वैनी. ह्याला घे. मोकळं हुशील."

मी नाही म्हणाले. तिनं ऐकलं नाही. पोरगं माझ्या मांडीवर आलं, एकदा वर तोंड करून परक्या बाईकडं बघितलं, आणि मग असं लागलं की माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. काय जोर तो! मला त्याचा इतका राग आला, की ढकलून द्यावं वाटलं. इतका जोर एका लेकरात असतो, आणि त्यातला चिमूटभर, फक्त चिमूटभर... मी ढकललं नाही. त्याच्या जावळात माझे डोळे गळत होते आणि तो बेटा मुठी आवळून पीत होता. छाती हलकी होत गेली. माझं दुःख कणभरही हललं नाही.

आत्याबाई घडी हातात धरून उभ्या होत्या. आता त्या पाठ फिरवतील म्हणून गंगा आधीच अंग चोरून दाराशी सरकली होती. आत्याबाईंनी घडी खाली ठेवली. माझ्याशेजारी टेकल्या. त्या पोराचे चिखलानं भरलेले पाय त्यांनी आपल्या पदरानं पुसले, आणि गंगाकडं न बघता म्हणाल्या, "सांच्याला बी घिऊन ये त्याला."